दुभाषा

देगलूरच्या स्टँडमागं, झेरॉक्सच्या दुकानात,
रात्री शटर अर्धं ओढल्यावर मशीन माझी.
बँकेनं भंगारात काढलेली. विंडोज पेलवेना तिला,
लिनक्सवर धावते.

गेमला वाटतं, आपण आपल्याच घरी.
मधे कुणीतरी बसलंय, इकडचं तिकडं सांगत,
जशी आई : घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी,
बोटांवर मोजते मात्र तेलुगूतच.

उघडायला इतका वेळ, की स्टँडवर जाऊन चहा होतो.
काहीबाही गळतंच.
घोड्याला सावली नाही.
चालतंय.

परवा इलियासच्या टोळीत शिरायला गेलो
तर दारावरचा पहारेकरी म्हणाला, लबाड आहेस, चल नीघ.
मी काहीच चोरलं नव्हतं,
विंडोजसुद्धा नाही.

इलियासचं चोरीचं. तो आत.

मी बिनसावलीचा घोडा वळवला.