डाव्या पायाचा बूट

गेस्के रात्रपाळी करून आली आणि कोटही न काढता झोपली.
म्हणजे आता दुपारपर्यंत घर गप्प ठेवायचं,
आणि आमच्या घरात गप्प बसू शकणारी वस्तू एकच, फ्रीज.
तोही अधूनमधून गुरगुरतो.

त्याच्याच दारावर भरती-ओहोटीचा तक्ता.
ओहोटी, अकरा चाळीस.
चला, म्हटलं, सील बघायला.

निघायला पाऊण तास लागला.
टाम्मोला लाल टोपी नको होती, मग तीच हवी होती.
इम्केनं दुर्बीण म्हणून पुठ्ठ्याच्या दोन नळ्या घेतल्या.
मी पाव, चीज, थर्मासमध्ये चहा,
आणि खिशात खडीसाखर,
तिच्यावाचून आमच्या फ्रीसलंडात चहाला चहा म्हणत नाहीत.

बांधावर मेंढ्या.
फाटक उघडायचं, फाटक लावायचं.
टाम्मोनं ते चारदा केलं, कारण फाटक करकरतं.
मग प्रत्येक मेंढीला वेगळं ‘मोइन’.
एकीनं उत्तर दिलं, असं तो अजून सांगतो.

बांधापलीकडे समुद्र नव्हता.

“गेला कुठे?” इम्के.
मी चंद्रापासून सुरुवात केली,
ओढ, फिरणं, पुन्हा चंद्र.
तिनं नळ्यांतून माझ्याकडे नीट पाहून घेतलं.
“म्हणजे तुलाही नक्की माहीत नाही.”

चिखल, थेट आभाळाला टेकेपर्यंत.
त्यावर किड्यांनी घातलेल्या
ओल्या, करड्या कुरडया.
इम्के मोजत निघाली.
एकशे बाराव्या कुरडईला तिला भूक लागली.

चारशे पावलं झाली असतील.
पचक् असा आवाज,
आणि टाम्मो एका पायावर, बगळ्यासारखा,
डावा मोजा वाऱ्यावर.
बूट होता तिथे एक खड्डा,
तोही आमच्या डोळ्यांदेखत मिटला.

दोन हिवाळे निघावेत
म्हणून मीच एक माप मोठे घेतले होते.
पैशांचा हिशेब चोख होता. चिखल धरायचा राहिला.

खांद्यापर्यंत हात घातला.
एक शिंपला निघाला.
दोरीचा तुकडा.
पुन्हा तोच शिंपला.

टाम्मो रडला नाही.
तो वाकला, आणि चिखलाला विचारलं,
“बसतो का तुला?”

लांबून म्हातारा हिन्रिक काठीनं
स्वतःच्या मनगटावर टकटक करून दाखवत होता.
मागच्या घळीत पाणी बोटभर वाढलेलं.
मी एकाला खांद्यावर घेतलं, दुसरीचा हात धरला,
आणि घाई नाहीच असं दाखवत घाई केली.

“आणि सील?”
दूर वाळूच्या दांड्यावर काळे ठिपके होते,
दगड असतील, कुणास ठाऊक.
इम्केनं चालता चालता नळ्या लावल्या.
“अकरा. एक कोट घालून झोपलाय.”

बांधावर बसून चहा ओतला.
खडीसाखर तडकताना
दोघांनी कपाशी कान नेले,
तेवढे दहा सेकंद दोघंही गप्प.
घरी जमलं नसतं.

समुद्र आला तो असा,
की कधी आला ते कुणालाच सांगता येऊ नये.
टाम्मोनं उजवा बूट काढला,
बांधाच्या पायथ्याशी, पाण्याकडे टोक करून ठेवला.
“एकाच बुटात तो चालणार कसा?”

मी ‘हो, खरंच’ म्हटलं.
मग तो मेंढ्यांना ‘मोइन’ करत वर गेला,
तेव्हा तो बूट उचलून
पिशवीत, पावाखाली सारला.
का, ते विचाराल तर
तीस युरो, हे एक उत्तर आहे.

गेस्केनं दार उघडलं, केस एका बाजूला चपटे.
तिनं मुलाच्या पायांकडे पाहिलं,
चार ओले मोजे, दोन त्याचे, दोन माझे.
“काय काय पाहिलं?”
दोघं एकदम बोलू लागली.
तिला वाटलं, सगळं समुद्रानंच नेलं.
तसंच वाटू दिलं.

बूट अजून शेडमध्ये आहे, रंगाच्या डब्यामागे.
काल, तिची पाळी होती तेव्हा,
झोपलेल्या टाम्मोच्या पायाला हळूच लावून पाहिला.

आता बसतो.