पहिला ठोका

रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये दिवे दोनच,
एक लाल, एक बिघडलेला.
मी भुसावळातला लग्नांचा फोटोग्राफर,
अक्षता हवेत असतानाची वेळ मला बरोबर कळते.
इथे मात्र बोट चुकत राहिलं.

टेरेन्स अंकल, लोको शेडमधून रिटायर,
गिटार अशी छेडायचे
जशी चालत्या गाडीच्या दारात कुणी बिडी पेटवतं,
ओंजळीत, झटकन, वारा चुकवून.
हेमलता फालक कीबोर्डवर. तिच्या चष्म्यात
तो लाल दिवा दोनदा.
आणि मागे रुबाब तडवी, यावलचा,
ड्रमच्या पलीकडे नुसतं कपाळ.

साडेतीनशे फोटो काढले.
सगळ्यांत तो बसलेला,
जणू आधार कार्डासाठी.

मध्यंतरात भजी खाताना म्हणाला,
"तू ठोक्यावर दाबतो भो.
रेगेत पहिला ठोका वाजवतच नाही.
तो सोडून द्यायचा.
तवा लोकायचे पाय हालता."

मी आयुष्यभर पहिल्यावर आलेला माणूस.
भजनात, बँडच्या मागे, शाळेच्या कवायतीत
डावा पाय आधी.

मग मागून मालगाडी गेली,
खिडक्यांच्या काचा तिच्याबरोबर गेल्या की काय असं वाटलं,
आणि त्या खडखडाटात
जिथे काहीच वाजलं नाही
तिथे मी दाबलं.

हात नाहीच आला त्यात.
कोपरापुढे नुसता धूर,
काठीची एक पांढरी रेघ,
आणि उघडं तोंड, केळीच्या बागेत
पाटापलीकडच्याला हाक मारावी तसं.

बऱ्हाटे शेठच्या ऑफिसला ओल होती.
"चार बाय सहा पायजे. डाग झाकला पायजे.
सोफ्याला मॅचिंग."
त्यांनी फोटो आधी टेपने मोजला, मग बघितला.
"याचा हात कुठी गेला?"
"वाजवतोय, शेठ."
"मंग दिसला पायजे ना."
हाताचे दोनशे कापले.

राहिलेले पैसे मागायला फेब्रुवारीत गेलो
तर काउंटरवर रुबाब.
शर्टावर केळीच्या चिकाचे काळे डाग,
धुऊन न जाणारे. खांद्यावरचं फडकं तसंच.
दोन ट्रक भरून आला होता.
मुनीमजींनी मान वर केली नाही.
"नाव?"
"तडवी."
"पूर्ण सांग. तडवी इथं सोळा आहेत."
"रुबाब."

त्याने भिंतीकडे एकदाच पाहिलं,
वरातीत नाचणाऱ्या पाहुण्याकडे पाहावं तसं.
तो नाचतोय, कशाला हाक मारा.
अंगठा ओला करून नोटा मोजल्या,
मग सुट्ट्यांची वाट बघत
पत्र्याच्या काउंटरवर दोन बोटं.
पहिला रिकामा. तिसऱ्यावर दणका.
पुन्हा रिकामा.
रकाना ओढता ओढता
मुनीमजींची चप्पल टेबलाखाली हलू लागली.

मी कॅमेरा आणला नव्हता.

चौकटीच्या खालच्या कोपऱ्यातून ओल आता बाहेर आलीय.
शेठ म्हणतात, हाच मोठा करून दे,
सहा बाय आठ.