शेरा

शाळेचा फॉर्म आलाय. दोन पानी.
विद्यार्थिनीचे नाव: केझाया ब्लँचर्ड, वय सोळा.
ठिकाण: ग्रिम्सबी, गोदीमागचं थिएटर,
तळघर, पाण्याच्या पाइपांखालची खोली.
पर्यवेक्षक: मी. डेस्मंड थर्केल. नाटकाचं सामान बनवतो,
खोटे पाव, खऱ्या खुर्च्या, बोथट सुऱ्या.

"संधी कशी मिळाली?"
याला दीड ओळ जागा आहे.
तेवीस ठिकाणी पत्रं टाकली होती तिनं.
चित्रांच्या गॅलरीनं कळवलं, सध्या नको.
रेडिओनं कळवलं, अठरा पूर्ण हवीत.
बाकीच्यांनी तेवढंही नाही.
आमच्याकडचं पत्र होतं कलादिग्दर्शकाच्या नावे.
ते पद सहा वर्षांपूर्वीच कापलं,
त्याचं टपाल अजून माझ्या दारात पडतं.
आणि मला त्या आठवड्यात
शिडी धरायला कुणीतरी हवं होतं.
एवढीच संधी.

वक्तशीरपणा: चांगला.
संवादकौशल्य: पहिले तीन दिवस गप्प.
चौथ्या दिवशी फोम कापून पाव करता करता म्हणाली,
"यात कला कुठे येते?"
मी म्हटलं, आधी पाव भाजल्यासारखा दिसू दे.
उत्तर नव्हतं माझ्याकडे, म्हणून.

मग कप.
नाटकात एक बाई रोज रात्री कप आपटते
आणि तो रोज रात्री चारच तुकड्यांत फुटावा लागतो.
आधी फोडायचा, मग कच्च्या गोंदानं सांधायचा
असा, की धरला तर टिकेल,
टाकला तर जुन्याच जागी जाईल.
बावीस प्रयोग, बावीस कप.
तिनं सांधलेले माझ्यापेक्षा बरे होते.
हे तिला सांगितलं नाही. इथे लिहितोय.

आठव्या रात्री तिला मागच्या रांगेत बसवलं.
कप फुटला. सगळं सभागृह श्वास गिळून बसलं.
टाळ्या बाईला पडल्या, पडायलाच हव्यात.
ही बोटं मोजत होती.
"पाच झाले," म्हणाली. "मी पाच ऐकले."

सकाळी मी किल्ली घेऊन आलो तर दारात हीच.
बॅटरी घेऊन रंगमंचावर पालथी पडली,
फळ्यांच्या फटी बघत,
कारण तिसऱ्या अंकात ती मुलगी अनवाणी येते.
पाचवा तुकडा नखाएवढा.
सापडला तेव्हा हसलीबिसली नाही,
रुमालात बांधला आणि झाडू मागितला.
"पुढाकार घेते का?" हो / नाही.
एवढ्याला दोन चौकोन!

वेतन, प्रवासखर्च: शून्य.
नवव्या दिवशी कळलं, ती बसनं येतच नव्हती.
क्लीथॉर्प्सहून चालत, तोंडावर समुद्राचा वारा.
आई मासळीच्या कारखान्यात रात्रपाळीला,
म्हणाली होती म्हणे, "अनुभव काय पावाला लावून खायचा?"
बाईचं चुकलं असं मला म्हणवत नाही.
पेटीतले अठरा पौंड मी तिच्या हातावर ठेवले,
हिशेबात लिहिलं: गोंद.
(ही ओळ पाठवण्याआधी खोडायची.)

"अशा विद्यार्थिनीला तुम्ही नोकरी द्याल का?"
द्यायला माझी तरी कुठे आहे? एप्रिलपर्यंतची.
बराच वेळ पेन नुसतं धरून बसलो.
तिचे शिक्षक लिहितात, चित्रकलेत गती आहे.
मी तिला एकही चित्र काढताना पाहिलं नाही.
पाव पाहिला. उंदरानं कुरतडला.

शनिवारी कपांचं खोकं उघडलं.
झाकणाच्या आत पेन्सिलनं, बारीक अक्षरात:
मोजलेत तर एक कमी भरेल.
एक मी नेला. जपून धरीन.

म्हणजे शेवटच्या प्रयोगाचा कप
आता मलाच सांधावा लागणार,
आणि आठव्या रात्रीचा, पाच तुकड्यांचा,
तोही माझ्याच हातचा होता.

शेरा:
कपांचा हिशेब बरोबर आहे.