काळी दोन

चाळिसाला सुरू व्हायचा.
मागून, पत्र्याखालून,
कुणी दातांच्या फटीतून सूर धरून बसावं तसा.

कुतैसी ते त्बिलिसी, चौदा माणसं, त्यांची चीजची भांडी,
आणि ही फोर्ड ट्रान्झिट, वडापला लावलेली.
दारावर अजून एका जर्मन बेकरीचं नाव,
खरवडून खरवडून अर्धं उरलेलं.

"टायर असणार," चर्चचा घंटेवाला म्हणाला.
"डिझेलात पाणी," अक्रोडं विकणारी नानुली.
"तुझं वय," शेवटच्या बाकावरचे सगळे.

मी रेडिओ मोठा केला.
हाही एक इलाज असतो.
आठ महिने पुरला.

झेस्टापोनीचा जुंबेर गाडीला आधी हात लावत नाही.
सूर्यफुलाच्या बिया सोलतो आणि विचारतो.
गिअर बदलला की बदलतो? नाही.
न्यूट्रलला? असतोच.
वळणावर? तस्साच.
पाय दाबल्यावर वाढतो, की सोडल्यावर?

इथे मी अडकलो.
डावा कान पलटणीत गेला,
उजव्याचं मी फारसं मनावर घेत नाही.

म्हणून त्सिआलाला बोलावलं. माझी मुलगी.
संगीतशाळेत पियानो शिकवते.
तिची आई गेल्यापासून, म्हणजे घर सोडून गेल्यापासून,
आम्ही कामापुरतं बोलतो.
हे काम होतं.

सीटा काढल्या. तिनं कोट अंथरला,
पालथी पडली, कान पत्र्याला.
रिकोटीच्या घाटात मी आकडे ओरडत निघालो.
चाळीस!
"काळी दोन."
साठ!
"काळी पाच. चोख पंचम लागलाय."
पाय सोडतोय!
उतार होता. गाडी आपल्याच वजनानं धावत राहिली.
बराच वेळ मागून काही नाही.
मग म्हणाली, "आता रडतंय."

जुंबेरनं टरफलं थुंकली.
"पिनियनचं बेअरिंग. पुढचं."

गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढली.
तेल काढलं: काळं, गंधकाच्या वासाचं,
आणि बोटावर घेतलं तर आत चांदीची भुकटी.
ती चांदी माझी होती.
आठ महिने रेडिओखाली दळलेली.

जुंबेरनं टोप्यांवर खुणा ठोकल्या,
डावीची डावी, उजवीची उजवी,
"अदलाबदल झाली तर जन्मभर भांडतात."
बेअरिंग निघालं.
आतली कडी देवीच्या व्रणांसारखी खड्ड्याखड्ड्यांची.

नवं एलियावाच्या बाजारातून आणलं, दोनदा,
कारण पहिल्यांदा एक अंक चुकीचा वाचला. मी.
तेलात तापवून बसवलं.
पिनियनला दोरी गुंडाळली, दोरीला चीज तोलायचा काटा,
आणि जुंबेर श्वास रोखून ओढत होता,
काटा किती दाखवतो, अजून एक पातळ चकती, पुन्हा ओढ.
दात कुठे टेकतात ते बघायचा रंग संपलेला.
त्सिआलानं पर्स उघडली,
लिपस्टिक काढून दिली.
दात फिरले. लाल ठसा
बरोबर मधोमध उमटला.
जुंबेर म्हणाला, "बघा, असं चावायचं असतं."

परत निघालो तेव्हा अंधार पडत होता.
चाळीस. काही नाही.
साठ. काही नाही.
त्सिआला या वेळी पुढच्या सीटवर.
जुनं बेअरिंग मांडीवर, बोटानं फिरवत,
आणि ते मात्र अजून तसंच खरखरत होतं, हळू,
तिच्या हातात.

इतकी शांतता मी या गाडीत कधी ऐकली नव्हती.
उजव्या कानालाही सगळं येत होतं:
काचेची थरथर, तिच्या कोटाचं बटण,
तिनं बोलण्याआधी घेतलेला श्वास.

"आई त्या दिवशी या गाडीतूनच गेली ना?
स्टेशनपर्यंत काय बोललात तुम्ही?"

रेडिओचं बटण माझ्या हाताशी होतं.
मी गिअर बदलला.
गरज नव्हती.
मग सांगायला लागलो.