रकाना सात

धुळ्यात, मे महिन्यात,
कुणी ऊब देणारा दिवा विकत घेईल
हे मला पटलं नसतं.
पण पंचनाम्यात तो आहे, अनुक्रमांक तीन:
दिवा, तांबडा, शंभर वॅट, चालू स्थितीत.
अनुक्रमांक दोन: काचेची पेटी, तळाशी वाळू.
पांझरेचीच आहे मॅडम, धुऊन घेतलेली, असं पोरगा म्हणाला.
अनुक्रमांक एक
सकाळपासून हललेला नाही.

काळं अंग, वर फिकट गुलाबी मणी,
रुखवतात मांडायला कुणा मावशीनं
हौसेनं विणलेल्या पर्ससारखं.
शेपूट भरताच्या वांग्यासारखं फुगलेलं.
त्यात ती चरबी साठवते म्हणे,
उपासाच्या महिन्यांसाठी.

मयूरेश बोरसे, वय तेवीस, देवपूर.
वडिलांचं इन्व्हर्टरचं दुकान.
बेडरूमला एसी, पेटीला दिवा,
दोन वर्षं दोन्ही कधी बंद पडले नाहीत.
कुरिअरनं आली तेव्हा खोक्यावर लिहिलं होतं: खेळणी.
परवा अंगठ्याची सूज मनगटापर्यंत चढली
तेव्हा सिव्हिलमध्ये त्यानं आधी सांगितलं, विंचू.
डॉक्टर म्हणाले,
विंचवाला एवढे दात कधी फुटले?

रकाना चार: प्रचलित नाव.
साहेब म्हणाले, पाल लिहा.
भिंतीवरची चुकचुकली.
मी सरडा लिहिलं, खोडलं,
शेवटी इंग्रजी नाव देवनागरीत उतरवलं
तर तेही चुकलं.
ग नाही मॅडम, ह. हीला मॉन्स्टर.

रकाना सात: विषारी आहे काय? होय / नाही.
पाली-सरड्यांच्या कागदावर बावीस वर्षं
मी हा न वाचताच भरत आले.
आपल्याकडच्या एकाही घोरपडीत विष नाही,
मारू नका रे, असं शाळाशाळांत सांगत फिरले.
आज पेन अडलं.

बाकावर दुरसिंग पावरा, शिरपूरच्या वरच्या पाड्यावरचा,
घोरपडीच्या केसमध्ये हजेरीला आलेला.
उठून पेटीत डोकावला.
हाई काय शे, ताई?
सांगितलं.
इख शे का येमा?
शे, म्हटलं.
तो हसला, समोरचे दात नसलेलं हसू.
आमनी तं गरीब व्हती.

मग मी दोन्ही कागद त्याला वाचून दाखवले,
का, ते माहीत नाही.
त्याची गरीब: अनुसूची एक, जामीन महिन्यानं.
ही विषारी: अनुसूची चार.
मुदतीत अर्ज, फी, कुठून आणली त्याचा दाखला,
एवढं असतं
तर देवपूरला दुसऱ्या मजल्यावर नांदली असती.
कायदा बरोबरच आहे.
त्याची आपल्या डोंगरातून संपत चालली,
हिचा डोंगर आपला नाही.
पण हे अहिराणीत सांगता सांगता
माझं एक वाक्य अर्ध्यावर राहिलं.

सह्या.
पोराच्या उजव्या अंगठ्याला पट्टी,
डाव्या हातानं त्यानं नाव काढलं, पहिलीतल्यासारखं.
दुरसिंगनं निळा अंगठा उठवला
आणि डोक्याच्या केसांना पुसला.
जाता जाता पोरगा दारात थांबला.
अंडं दहा दिवसांनी एकच. चमच्यानं द्या, हातानं नाही.
मिक्सरच्या आवाजाला घाबरते ती.
आमच्या ऑफिसात मिक्सर नाही, म्हटलं.

चारला लाईट गेली.
सगळे व्हरांड्यात, लिंबाखाली.
पेटीची काच हाताला चटका देत होती.
वाळवंटातली, तरी ऊन सोसत नाही तिला,
सगळा जन्म बिळातच काढते,
हेही त्यानंच सांगितलं होतं.
मी माठाभोवतीचं ओलं फडकं सोडलं,
काचेवर पसरलं, वर थोडं पाणी मारलं.

बऱ्याच वेळानं तिनं मान उचलली,
दुभंगलेली काळी जीभ बाहेर काढली
आणि धुळ्याची हवा
एकदा, मग पुन्हा एकदा
चाखून पाहिली.

रकाना सात मी मग भरला.
होय.
पुढे जागा उरली होती,
तिथे, शिक्क्याच्या जरा वर, बारीक अक्षरात:
सावलीत ठेवणे.