डावी

सर्जेराव पोवार आले तेव्हा
मी वेणी घालत होते, सुभाषनगरात, पत्र्याखाली,
वादीचं टोक दातात.
कुबडी उंबऱ्याला टेकवून म्हणाले,
"उजवीच पाहिजे. एकच.
आणि विंचू घाला तिच्यात. करकरली पाहिजे."

विंचू म्हणजे बी. दोन तळांच्या मधे बसवायचं,
पाऊल पडलं की बोलतं.
रानात सापाला कळावं म्हणून घालायचे, असं सासरे सांगत.
रुबाबासाठी, असं सासूबाई.

"सोळा वर्षं पाय न वाजवता चाललो," पोवार म्हणाले,
"आता एक राहिलाय, तो तरी वाजू दे."

त्या आठवड्यात तिकडं डोंगरात बस अडवून
सतरा माणसं मारली होती.
आमच्याकडंही तेच चाललेलं.
कान मोडलेला एक तालमीतला पोरगा
मोबाइल पुढं धरून, "एकदाच घुसायचं. विषय संपला."
मांगुरे गुरुजी चष्मा पुसत,
"घुसून घुसून किती पिढ्या, बाळ?
काही मागत असतील, थोडं देऊन, बसून..."
"द्यायचं? बोट दिलं की मनगट धरत्यात, गुरुजी."

मग दोघांनीही पोवारांकडं पाहिलं,
जणू गेलेला पाय
पंच म्हणून बसलाय.

पोवारांनी चहा बशीत ओतला.
"एका घराला वेढा घातला. आत दोघं होती.
घर उडवलं. बरोबरच केलं, आजही म्हणतो.
शेजारचं एक पोरगं आम्हाला पाणी आणून द्यायचं.
पुढच्या महिन्यात ते गावात नव्हतं.

नंतर एकाला धरलं. मिसरूड फुटलेलं नाही.
आई पायावर पडली. माझ्याच. तेव्हा दोन होते.
साहेबांना सांगून सोडवला.
अठराव्या दिवशी, त्याच पायवाटेवर..."

बशी खाली ठेवली.

"सुरुंग कुणी पेरला, ठाऊक नाही.
सोडलेल्यानं, की पाणी देणाऱ्यानं,
की ज्याचं तोंडही पाहिलं नाही अशानं.
रात्री कधी ह्याला धरतो, कधी त्याला.
कधी मलाच."

पोरानं मोबाइलचा आवाज कमी केला.
बंद नाही केला.

आमचे हे दगडावर तळ ठोकत होते. न थांबता बोलले,
"कातडं आधी भिजवावं लागतंय, मग ठोकावं लागतंय.
नुसतं भिजवलं तर कुजतंय,
नुसतं ठोकलं तर तडकतंय."
गुरुजींनी मान डोलावली. पोरानंही.
सगळ्यांना बरं वाटलं.

मी वादी दातातनं काढली.
"कातडं मेलेलं असतंय," म्हटलं,
"म्हणून ते ऐकतंय."

मग बराच वेळ नुसता बाभळीच्या सालीचा वास.

मला कुणी विचारलं नाही.
विचारलं असतं तर म्हणाले असते, बंदूक पाहिजे.
माझी लेक रोज निपाणीहून येते, अंधार पडल्यावर,
बसच्या वळणावर कुणीतरी उभं पाहिजे
हत्यार घेऊन, आणि जागं.
हे मी गुरुजींच्या तोंडावर म्हणाले असते.
पण ती पायावर पडलेली बाई,
तिची बोली मला येत नाही, तरी
मागच्या गल्लीतनं ऐकू यावी तशी ऐकू येते,
आणि वेणीचा एक पदर चुकतो.
उसवते. पुन्हा घालते.

बुधवारी पोवार न्यायला आले.
मी दोन्ही करून ठेवल्या होत्या,
हाताला एकटी येत नाही.
त्यांनी डावी उचलली, वाकवली, कानाजवळ नेली.
"ही गप्प आहे."
"तिच्यात घातलं नाही काही."
"मग राहू दे इथंच."
पैसे मात्र जोडीचे ठेवले,
मी नको म्हणेपर्यंत उंबरा उतरलेही.

कर्र, ठक. कर्र, ठक.
गल्लीतली कुत्री उठून बघत राहिली,
कोपऱ्यापर्यंत.

डावी खिळ्याला आहे अजून.
परवा एकजण किंमत विचारत होता,
हिची जोड कुठाय म्हणाला.
म्हटलं, रंकाळा स्टँडकडं गेली.