चौथ्या-पाचव्या मणक्यामध्ये

पहाटे पावणेतीनला एलेउतेरिओ मान्सिल्याला आणलं,
तेव्हा त्याच्या जाकिटाला मेंढ्यांचा वास होता.
घोडा घसरला, कुंपणाच्या खांबावर छाती आपटली,
बरगड्या तीन, फुफ्फुसाला भोक.
मेहुणा एवढंच सांगू शकला, टोपी चुरगाळत.

मी त्याला यंत्राच्या कड्यात सरकवलं.
"श्वास घ्या. धरून ठेवा. सोडा."
वीस वर्षं हेच म्हणते आहे मी
या पुंता आरेनासमध्ये, जिथे वादळी दिवसांत
रस्त्यात दोर बांधतात, माणसांना धरून चालायला.

पडद्यावर चकती चकती उलगडत गेली.
हाड पांढरं, मांस राखाडी, हवा काळी.
आणि मणक्यांच्या त्या अरुंद नळीत,
जिथे मज्जारज्जू, थोडी चरबी, बारीक शिरा
यांच्याशिवाय कुणाला जागा नाही,
तिथे काळे थेंब. दोन.
खाली तिसरा, तांदळाएवढा.
यंत्राची खोडी वाटली. पुन्हा पाहिलं.
हवाच.

फाटल्या फुफ्फुसातून निसटलेली,
मऊ मऊ चाचपत,
नसा बाहेर पडतात त्या झरोक्यांतून उलटी आत.
काकडलेलं मांजर
किलकिल्या दारातून शिरतं, तशी.

डॉक्टर बाराओना जांभई दाबत आले.
"पाय हलवतोय?"
हलवत होता.
"मग छातीत नळी, ऑक्सिजन, आणि वाट बघा.
ही हवा शरीर आपणच पिऊन टाकतं, यास्ना."

वाट बघा, हा उपचार
मेहुण्याला समजावणं माझ्याकडे आलं.
त्याने ऐकलं. बराच वेळ खिडकीकडे पाहिलं.
"आम्ही जन्मभर वाऱ्याला पाठ देऊन चाललो, बाई,
आणि हा छातीतून येऊन
पाठीत बसला?"
मला हसू आलं. त्याला नाही.

सहाव्या दिवशी पुन्हा कडं, पुन्हा तेच शब्द.
दोन थेंब गेले होते. तिसरा
खसखशीएवढा, असून नसल्यासारखा.
"कुठे गेले?" एलेउतेरिओने विचारलं.
रक्तात, म्हटलं. मग श्वासात. मग बाहेर,
बाकीच्यांत.

त्याला चित्र बघायचं होतं. दाखवलं.
"एवढासा?" म्हणाला, जरा हिरमुसून,
जणू आठवडाभर कुणा मोठ्या पाहुण्याला
त्याने घरात ठेवून घेतलं होतं.

मग नळीची जागा दाबून धरत, हळूच,
घोडा सापडला का, विचारलं.
मेहुणा टोपीकडे बघत राहिला.